घरच्या कॅसेटी: काय उतरवायचं, कसं उतरवायचं, किती ऐकायचं

वहीच्या कागदावर गाण्यांची यादी करायची, कोरी साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट दुकानात नेऊन द्यायची आणि चार दिवसांनी ती भरून आणायची. सोलापुरातल्या कितीतरी घरांत अशा भरून आणलेल्या कॅसेटींचा डबा अजून माळ्यावर आहे. त्या यादीतलं जवळपास प्रत्येक गाणं आज मोबाइलवर अर्ध्या मिनिटात मिळतं. त्यामुळं डबा खाली काढला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, टाकून द्या. दुसरा म्हणतो, सगळं संगणकात उतरवून घेऊ. दोघंही चुकतात. सगळं उतरवायला बसणारे चाळीस कॅसेटींतली चारशे गाणी कष्टानं संगणकात घेतात, जी नेटवर याहून स्वच्छ आहेत. आणि वर काही लिहिलेलं नाही म्हणून बाजूला ठेवलेल्या कॅसेटीतला आजीचा आवाज तसाच राहून जातो.

आधी वाटणी, मग मशीन

डब्यातल्या कॅसेटींचे तीन ढीग करा.

पहिल्या ढिगात कंपनीच्या छापील कॅसेटी. त्यातली तीन गाणी, नाव आणि पहिली ओळ टाकून, नेटवर शोधा. तिन्ही मिळाली तर ती कॅसेट उतरवू नका, खोक्यात परत ठेवा. छोट्या कंपन्यांची भजनं, भारुडं, तेलुगू-कन्नड लोकगीतं मात्र बरेचदा सापडत नाहीत. तीनपैकी दोन मिळाली नाहीत तर ती कॅसेट तिसऱ्या ढिगात टाका.

दुसऱ्या ढिगात भरून आणलेल्या कॅसेटी. इथं गाणी सगळी मिळतील, पण क्रम मिळणार नाही. कुठल्या गाण्यामागून कुठलं, हे त्या घरातल्या माणसानं ठरवलेलं असतं आणि ते फक्त त्या एका कॅसेटीत आहे. नव्वदच्या कॅसेटीची एक बाजू ४५ मिनिटांची, म्हणजे नऊ-दहा गाणी. शेवटचं गाणं बहुधा कडव्याच्या मध्येच तुटतं, कारण पट्टी संपली. पुढं तेच गाणं रेडिओवर पूर्ण ऐकताना कान त्या जागी अडखळतो. हे जपायचं असेल तर सगळ्या कॅसेटी उतरवायची गरज नाही. यादीच्या कार्डाचा फोटो घ्या, त्याच क्रमानं मोबाइलवर प्लेलिस्ट करा आणि घरात सर्वांत जास्त वाजलेल्या दोन-तीन कॅसेटीच प्रत्यक्ष उतरवा.

तिसरा ढीग घरात रेकॉर्ड केलेल्यांचा. बारशाची गाणी, जात्यावरच्या ओव्या, गल्लीतलं भजनी मंडळ, परगावी असलेल्याला पाठवलेलं बोलकं पत्र, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, वेळी नंदीध्वजांची मिरवणूक दारावरून जाताना खिडकीत धरलेला टेपरेकॉर्डर. तुमचा खरा वेळ इथं जाऊ द्या. कोऱ्या दिसणाऱ्या आणि नाव नसलेल्या कॅसेटी याच ढिगात येतात. त्या दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ऐकायच्या, कारण घरातली बोलणी बरेचदा बी बाजूच्या शेवटी, गाणी संपल्यावर उरलेल्या पाच मिनिटांत असतात. कार्डावरचं नाव तेलुगू, कन्नड किंवा उर्दूत असेल आणि घरात वाचणारं एकच माणूस उरलं असेल, तर ते काम मशीनच्याही आधी करून टाका.

आणखी एक गोष्ट नेटवर काहीही शोधण्यापूर्वीच करायची. जुनी जाहिरात, मालिकेचं शीर्षकगीत, रेडिओवरचं एखादं निवेदन शोधायच्या आधी ते तुम्हाला कसं आठवतं, ते पाच ओळींत लिहून काढा: शब्द, चाल, रंग, तेव्हा घरात कोण कुठं बसलं होतं. मूळ चित्रफीत एकदा पाहिली की ती तुमच्या आठवणीवर चढते आणि आधीची आवृत्ती परत हाती लागत नाही. चुकीची का असेना, तीस वर्षं तुम्ही सांभाळली ती हीच आवृत्ती.

मशीनची तयारी

कॅसेटीच्या आकाराचे यूएसबीचे स्वस्त कन्व्हर्टर बाजारात मिळतात, ते घेऊ नका. त्यांची मोटर एकसारख्या वेगानं फिरत नाही, सूर हलतो, आणि हललेला सूर नंतर दुरुस्त करणं फार अवघड. घरातला किंवा नातेवाइकांकडचा जुना, मोठा डेक (कॅसेट वाजवायचं मशीन) किंवा टू-इन-वन (रेडिओ-टेपरेकॉर्डर) चांगला. तो वर्षानुवर्षं बंद असेल तर मोटरीचा रबरी बेल्ट बहुतेक गेलेला असतो. तो सैल पडतो किंवा डांबरासारखा चिकट होऊन पुलीला बसतो. असं डांबर अल्कोहोलनं पूर्ण पुसल्याशिवाय नवा बेल्ट चढवू नका. जुन्या बेल्टच्या मापानं नवा मागू नका, जुना ताणलेला असतो. नवा किंचित लहान हवा.

हेड, म्हणजे पट्टीवरचा आवाज वाचणारा भाग, साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायचे बोळे. सॅनिटायझर वापरू नका. त्यात ग्लिसरीन असतं, ते हेडवर थर ठेवतं. हेड, त्याच्या शेजारची चकचकीत दांडी आणि काळा रबरी रोलर, या तीन जागा बोळ्याला तपकिरी रंग लागेनासा होईपर्यंत पुसा. रबराला अल्कोहोल बेतानं, जास्त लागलं तर ते कडक होतं. सौम्य साबणाचं पाणी आणि लगेच कोरडं फडकं अधिक बरं. रोलर काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर तो पट्टी खाणार हे नक्की. बदला. दर चार-पाच कॅसेटींनंतर पुन्हा साफसफाई.

आता कॅसेट. सगळ्यांत आधी मागच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या पाकळ्या मोडून टाका, म्हणजे रेकॉर्डचं बटण दाबलंच जाणार नाही. ज्या कॅसेटीची दुसरी प्रत नाही, तिच्यावर चुकून चार सेकंद शांतता भरली जाणं, यासारखा चटका दुसरा नाही.

सोलापूरच्या कॅसेटींना बुरशीचा त्रास कोकणातल्या कॅसेटींच्या मानानं कमी, पण उन्हाळा आणि सुताची तूस (बारीक तंतू) हे दोन शत्रू आपले. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात जी भट्टी होते तिनं आतल्या फेल्टच्या गादीचा गोंद सुटतो. ही गादी तांब्याच्या रंगाच्या बारीक पट्टीवर, हेडच्या समोर बसवलेली असते. ती पडली की आवाज दबका येतो आणि मधेमधे बुडतो, आणि माणूस समजतो की रेकॉर्डिंगच वाईट. आधी गादी पाहा. पडली असेल तर पाच स्क्रूची दुसरी बिनमहत्त्वाची कॅसेट उघडून तिच्या खोळीत दोन्ही रिळं हलवा. उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर फोटो काढा, कारण कोपऱ्यातले दोन पांढरे रोलर आणि पातळ कागदी चकत्या नेमक्या कुठं होत्या हे नंतर आठवत नाही. उष्णतेनं आणखी एक होतं. रिळावर एकावर एक बसलेल्या थरांचा आवाज एकमेकांत उतरतो आणि शब्द येण्याआधी त्याची पुसट चाहूल ऐकू येते. वाजवण्यापूर्वी कॅसेट एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं फिरवली तर ही चाहूल थोडी कमी होते आणि घट्ट बसलेली रीळही मोकळी होते.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या, यंत्रमागाशेजारच्या घरांतल्या कॅसेटींत सुताची तूस शिरलेली असते. ती रबरी फुग्याच्या फुंकणीनं काढा, तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण जातात. पट्टी तुटली तर घरातला सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद पाझरून पुढच्या थराला चिकटतो. ३.८१ मिलिमीटर रुंदीचा स्प्लायसिंग टेप (पट्टी जोडायचा खास टेप) मागवा, दोन्ही टोकं एकावर एक ठेवून ४५ अंशांत एकदाच कापा, टोकाला टोक भिडवा आणि टेप पट्टीच्या आतल्या बाजूला लावा, हेडला घासणाऱ्या बाजूला नाही.

जोडणी

डेकची लाइन आउट, नसेल तर हेडफोनची पिन, तिथून वायर यूएसबी साउंड कार्डाच्या लाइन इनमध्ये. लॅपटॉपचं माइकचं भोक वापरू नका. ते एकाच बाजूचा आवाज घेतं आणि तो फुटतो. हेडफोनच्या पिनेतून घेत असाल तर डेकचा आवाज अर्ध्याच्या आसपास ठेवा आणि बास-ट्रेबल मध्यावर.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. तासाला साधारण एक जीबी लागतो. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं पाहा. शून्याला टेकला की फाटला, आणि फाटलेलं शिवता येत नाही. विंडोजमधल्या आवाज सुधारण्याच्या सगळ्या सोयी बंद करा, नाहीतर शांत जागी आवाज आपोआप वर चढतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर लावला की बरेचदा घरघर येते. मोबाइल लांब ठेवा.

आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येत असेल आणि गादी जागेवर असेल, तर हेडचा कोन चुकलेला आहे. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला छोटा स्क्रू असतो. तो आधी कुठं होता त्याची मार्करनं खूण करा आणि कॅसेट चालू असताना अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आतच, इकडे-तिकडे फिरवा. जिथं 'स' आणि 'श' सर्वांत तीक्ष्ण येतात तिथं थांबा. वेगवेगळ्या मशीनवर भरलेल्या कॅसेटींना हे प्रत्येक वेळी करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण यानं जो फरक पडतो तो नंतरच्या कुठल्याही सॉफ्टवेअरनं पडत नाही.

वेग

इथं नेटवरची सुबत्ता खरोखर कामाला येते. कंपनीची एखादी छापील कॅसेट लावा, एका गाण्याची लांबी मोजा आणि तेच गाणं कंपनीच्या अधिकृत चॅनेलवर किती लांबीचं आहे ते पाहा. तिथं पाच मिनिटं आणि तुमच्याकडं ४ मिनिटं ५१ सेकंद असेल, तर तुमचं मशीन तीन टक्के जलद आहे. बहुतेक मोटरींच्या मागं बारीक भोक असतं, आत वेगाचा स्क्रू. हौशी लोकांनी चढवलेली गाणी मापाला घेऊ नका, त्यांचा वेग अनेकदा बदललेला असतो.

मशीन बरोबर असूनही घरातलं रेकॉर्डिंग चिमण्यांसारखं चिरकं ऐकू येत असेल, तर बहुधा ते भरताना सेल उतरलेले होते. पट्टी तेव्हा हळू चालली, आता बरोबर वेगानं चालतेय, म्हणून सूर चढला. विजेवर भरलेल्या कॅसेटीचा वेगही चुकलेला असू शकतो. तिच्यात मागं बारीक घरघर असते, ती विजेची, मूळची ५० हर्ट्झची. ऑडॅसिटीत वर्णपट ('प्लॉट स्पेक्ट्रम') काढा, आकार सर्वांत मोठा निवडा आणि घरघरीचं टोक कुठं आहे ते वाचा. ५३ वर असेल तर वेग ०.९४३ पट करा. त्याआधी कॅसेट न लावता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ती घरघर तुमच्याच वायरीची नाही याची खात्री करा. त्या काळी वीजही ५० ला चिकटून नसे, तेव्हा एक-दोन टक्के इकडेतिकडे धरा आणि शेवटचा निर्णय त्या माणसाचा आवाज ओळखणाऱ्यावर सोपवा.

खरखर किती काढायची

पूर्व भागातल्या एखाद्या घरातली कॅसेट समजा. आजी तेलुगूत लग्नातलं गाणं म्हणतेय. वर पट्टीची सूं अशी सळसळ, खाली विजेची घरघर, आणि या दोन्हींच्या मध्ये भिंतीपलीकडच्या यंत्रमागाचा खडखट-खडखट. मधेच माग थांबतो, तुटलेलं सूत जोडायला असेल, आणि त्या पाच-सहा सेकंदांत आजीचा आवाज एकदम जवळ येतो, कारण इतका वेळ ती मागावर आवाज चढवून गात होती आणि ते तिच्या लक्षातही नव्हतं.

सॉफ्टवेअरला या तिन्ही गोष्टी कचराच वाटतात. सळसळ आणि घरघर थोडी कमी करायला हरकत नाही, माग काढायचा नाही. एक तर तो निघत नाही: एकसारखा नसल्यानं त्याच्याबरोबर गाण्याचे तुकडे जातात आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. आणि निघाला असता तरी मग हे गाणं कुठल्याही गावातलं झालं असतं. नेटवर स्वच्छ गाण्यांना तोटा नाही.

सळसळीसाठी कुणी बोलत नसेल अशी एक-दोन सेकंदांची जागा निवडा. अगदी सुरुवातीची पारदर्शक पट्टी नको, तिच्यावर सळसळ नसतेच. ऑडॅसिटीच्या 'नॉइज रिडक्शन'मध्ये तिथून नमुना घ्या आणि ६ डेसिबलच कमी करा, फार तर ९. मग त्याच खिडकीतला 'रेसिड्यू' पर्याय निवडून काय काय काढलं जातंय ते ऐका. त्या काढलेल्यात शब्द किंवा माग ऐकू आला, तर हात जास्त पडलाय. घरघर ५० आणि १०० हर्ट्झवर छाटता येते, पण वेग मोजून झाल्यावर. आधी छाटलीत तर मापच गेलं. मूळ, हात न लावलेली फाइल कायम वेगळी ठेवा.

फाइली आणि प्रती

पूर्ण बाजू एकाच फाइलमध्ये ठेवा. तुकडे हवेच असतील तर प्रतीतून करा. नाव साधं: वर्ष, प्रसंग, माणूस, बाजू. वर्ष नक्की नसेल तर 'सुमारे' लिहा, अंदाजाला तारखेचा वेश देऊ नका. जपायची प्रत फ्लॅक स्वरूपात केली तर काही न गमावता जागा बरीच वाचते. ऐकायची प्रत एमपी३. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी पुण्याला असलेल्या मुलाकडं किंवा भाचीकडं, तिसरी ऑनलाइन. नुसत्या पेनड्राइव्हवर विसंबू नका, पडून राहिला की कधी दगा देईल सांगता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींचं काम वेगळं आणि जास्त नाजूक. पट्टीवर पांढरी भुकटी दिसली तर ती मशीनमध्ये घालूच नका, हेड एका फेरीत खराब होतं. चांगल्या असतील तर ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं, या मापात घ्या. अशा बहुतेक फितींवर शूटिंगवाल्यानं सिनेमाची गाणी चढवलेली असतात. यूट्यूबवर टाकल्या तर त्या गाण्यांवर मालकाचा दावा येतो आणि आवाज बंद होऊ शकतो. घरच्यांपुरत्याच ठेवलेल्या बऱ्या.

ऐकायचं कसं

एका कॅसेटीला तिच्या लांबीएवढा वेळ आणि वर वीसेक मिनिटं लागतात. साठच्या चाळीस कॅसेटी म्हणजे ५० तासांहून जास्त. एका दिवाळीच्या सुट्टीत उरकायचा हिशेब करू नका. रोज एक.

उतरवून झालं की खरी अडचण सुरू होते: सगळं हाताशी येतं. १९८७-८८ मध्ये 'रामायण' दर रविवारी सकाळी एक भाग, ७८ भाग, असं दीड वर्ष चाललं. २०२० च्या टाळेबंदीत तेच सकाळ-रात्र दाखवलं गेलं आणि काही आठवड्यांत संपलं. भाग तेच, मधले सहा दिवस गेले. त्या सहा दिवसांतच गल्लीतली चर्चा आणि पोरांचे धनुष्यबाण होत असत. जुनी मालिका घरच्यांसोबत पुन्हा पाहायची असेल तर वार ठरवा, एकच भाग पाहा आणि पुढचा भाग आपोआप सुरू होणं सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

गाण्याचंही तसंच. एखादं गाणं एकाच उन्हाळ्याशी जोडलेलं असतं तोवर ते ऐकलं की तो उन्हाळा उभा राहतो. तेच गाणं रिक्षात, जिममध्ये, रीलमध्ये, रोज अंघोळीच्या वेळी वाजलं की त्याला वीस प्रसंग चिकटतात आणि त्यातला कुठलाच धड उभा राहत नाही. म्हणून घरातल्या आवाजाची रिंगटोन करू नका. तिसऱ्या ढिगातल्या फाइली मोबाइलवरच्या गाण्यांत मिसळू नका, त्यांचं वेगळं फोल्डर ठेवा आणि ते उघडायचे दिवस ठरवा: गड्ड्याची संक्रांत, गौरी, एखाद्याचं वर्षश्राद्ध. नॉस्टॅल्जिया (जुन्या दिवसांची ओढ) हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्यानं आजाराचं नाव म्हणून घडवला होता. आपण त्याला औषध समजतो, पण मात्रा दोन्हीकडं पाहावी लागते.

पहिल्यांदा ऐकताना घरातली म्हातारी माणसं समोर हवीत आणि दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू हवं. त्यांना तसं आधी सांगा. गेलेल्या माणसाचा आवाज आश्चर्य म्हणून अचानक लावू नका. आधी विचारा, आणि आज नको म्हणाले तर आज नको. एका वेळी पंधरा मिनिटं पुरे. 'कसं वाटलं?' असं विचारलं की 'छान' एवढंच हाती लागतं. फाइल थांबवून नेमकं विचारा: "आज्जी, ह्यात मागं कोण बोलायलंय?" "हा माग कुणाचा, आपला का शेजारचा?" "हे म्हणताना तुम्ही हसलात का मध्येच?" जी उत्तरं येतील ती मूळ फाइलच्या शेजारी, त्याच नावानं, 'ऐकताना' असं जोडून ठेवा. हे रेकॉर्डिंग जगात दुसरीकडं कुठंच नाही.

काम झाल्यावर कॅसेटी फेकू नका. शेवटपर्यंत वाजवून, म्हणजे पट्टी एकसारखी गुंडाळलेल्या स्थितीत, डबीत घालून उभ्या ठेवा. माळ्यावर नको, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, स्पीकरपासून लांब. आणि डेक महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवा. नुसता ठेवला तर बेल्ट पुन्हा एकाच जागी दबून बसतो.